मिनी ट्रॅक्टरला ट्रॉली जोडताना: हूकची उंची, दांडीवरचे वजन आणि पिन

आपण लिहिले आहे की, अंबड तालुक्यातील चार एकर मोसंबीच्या बागेसाठी आपण 18 अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर घेतला असून, मोठ्या ट्रॅक्टरची जुनी दोनचाकी ट्रॉली कापून लहान करून घेतली आहे. बागेतून क्रेट बाहेर काढणे, उकिरड्यावरचे शेणखत झाडांपर्यंत नेणे, गोठ्याजवळचा कडबा व छाटणीच्या फांद्या वाहणे आणि उन्हाळ्यात हजार लिटरच्या टाकीने झाडांना पाणी देणे ही कामे तिने करावीत, अशी आपली अपेक्षा आहे. ट्रॉलीची दांडी ट्रॅक्टरच्या हूकपेक्षा वीतभर उंच राहते, म्हणून वेल्डिंगवाल्याने टॉप लिंकच्या, म्हणजे अवजाराला वरून धरणाऱ्या मधल्या दांड्याच्या, ब्रॅकेटला नवा हूक जोडून देण्याचे कबूल केले आहे. तसे करावे का, की अवजार उचलणाऱ्या लिफ्टच्या दोन आर्ममध्ये बसणारा छिद्रांचा आडवा बार वापरावा, परदेशी चित्रफितींमध्ये दिसणारा गोळ्याचा हूक आपल्याकडे चालेल का, आणि एका खेपेत किती वजन न्यावे, असे आपले चार प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे: टॉप लिंकच्या ब्रॅकेटला हूक मुळीच जोडू नये. हूक वर नेण्याऐवजी दांडी खाली आणावी. परभणी आणि जालना या पट्ट्यात गेली 27 वर्षे मी ट्रॅक्टर, ट्रॉली आणि अवजारे यांच्या दुरुस्तीचे काम करतो आहे. या काळात मी जे उलटलेले ट्रॅक्टर पाहिले, त्यांतील बहुतेकांच्या मागे ओढण्याची जागा कोणीतरी सोयीसाठी वर नेलेली होती. म्हणून हा मुद्दा मी थोडा विस्ताराने मांडतो.

ट्रॅक्टर ट्रॉली ओढतो तेव्हा ट्रॉलीही तेवढ्याच जोराने ट्रॅक्टरला मागे खेचत असते. ही ओढ जमिनीपासून जितक्या उंचीवर लागते, तितकी पुढची चाके हलकी होतात. आपल्या ट्रॅक्टरच्या जवळपासचेच आकडे घेऊ. ट्रॅक्टरचे वजन 800 किलो, त्यातले पुढच्या चाकांवर सुमारे 300 किलो आणि पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर दीड मीटर. भरलेल्या ट्रॉलीचे एकूण वजन 1200 किलो धरले, तर नांगरलेल्या मऊ जमिनीत केवळ ती चालती ठेवण्यासाठी सुमारे 150 किलोची ओढ लागते आणि दहाला एक असा चढ असेल तर आणखी 120 किलोची. चारीतून किंवा चाकोरीतून चाक वर काढताना हा आकडा सहज 300 च्या पुढे जातो. ही 300 किलोची ओढ जमिनीपासून 35 सेंटिमीटरवरच्या हूकला लागली, तर पुढच्या चाकांवरचे 70 किलो वजन कमी होते. तीच ओढ 75 सेंटिमीटरवरच्या टॉप लिंकच्या जागी लागली, तर 150 किलो कमी होते. त्यात दांडीचे वजन मिळवा: हूक मागच्या एक्सलच्या 60 सेंटिमीटर मागे असेल आणि दांडी त्यावर 100 किलोने टेकत असेल, तर पुढून आणखी 40 किलो जातात. चढावर ट्रॅक्टरचे स्वतःचे वजनही मागे झुकलेले असते. इतके सगळे एकत्र आल्यावर उंच हूकच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर 100 किलो तरी उरतात की नाही, ही शंका राहते. पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा, म्हणजे आपल्या बाबतीत 160 किलो, असल्याशिवाय स्टिअरिंग भरवशाचे राहत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे पुढचा भाग उचलला जाऊ लागल्यानंतर काय घडते. हूक मागच्या एक्सलच्या खाली असेल, तर ट्रॅक्टरचे नाक वर जाताना हूक आणखी खाली जातो, त्यामुळे ओढीची तरफ कमी होते आणि ट्रॅक्टरला खाली बसण्याची संधी मिळते. हूक एक्सलच्या वर असेल, तर ही दुरुस्ती वेळेवर घडत नाही. क्लच झटक्यात सोडल्यावर ट्रॅक्टर मागे उलटण्याच्या स्थितीला पोहोचायला सुमारे पाऊण सेकंद लागतो, आणि एवढ्या वेळात चालकाचा पाय पुन्हा क्लचवर जातोच असे नाही. मिनी ट्रॅक्टर लहान असल्याने तो उलटत नाही, असा समज आपल्याकडे आहे. प्रत्यक्षात त्याचे पुढचे वजन कमी आणि चाकांमधले अंतर आखूड असल्यामुळे मोठ्या ट्रॅक्टरपेक्षा त्याला जास्त जपावे लागते.

आता दांडी खाली कशी आणायची ते सांगतो. ट्रॉली सपाट जागेवर उभी करून तिचा पाटा, म्हणजे माल ठेवण्याचा तळ, समतळ करावा, म्हणजे पाण्याची पातळी धरून पुढे व मागे सारखा आणावा, आणि त्या स्थितीत ट्रॅक्टरच्या हूकची व दांडीच्या कडीची जमिनीपासूनची उंची मोजावी. हे मोजमाप ट्रॅक्टरच्या टायरमध्ये नेहमीची हवा असताना घ्यावे. दोन उंचींतला फरक दांडीच्या टोकाला उतरती जोडपट्टी लावून भरून काढावा. ही जोडपट्टी दांडीच्या दोन्ही बाजूंनी 12 मिलिमीटर जाडीच्या प्लेटी घेऊन आणि मधे आडव्या पट्ट्या भरून करावी. नुसता एक चॅनलचा तुकडा खाली लोंबता वेल्ड करू नये, कारण ब्रेक दाबल्यावर आणि क्लच सोडल्यावर तो पुढे-मागे वाकत राहतो आणि वेल्डिंगच्या कडेला बारीक चीर पडते. फरक फार मोठा असेल, तर ट्रॉलीच्या स्प्रिंगचे पाटे एक्सलच्या वर बसवलेले आहेत की खाली हेही पाहावे. स्प्रिंगचे पाटे एक्सलखाली घेतल्यास संपूर्ण ट्रॉलीच खाली येते आणि मालाचा भारही जमिनीजवळ राहतो. बागेच्या कामासाठी मी शक्यतो हाच मार्ग सुचवतो, मात्र टायर आणि पाटा यांत पुरेशी जागा उरते की नाही हे आधी तपासून.

वेल्डिंगवाल्याचा हात कितीही चांगला असला, तरी ट्रॅक्टरच्या मागच्या हाऊसिंगला, म्हणजे गिअर व एक्सलच्या कवचाला, वेल्डिंग करू देऊ नये. ते बिडाचे ओतकाम असते. साध्या रॉडने केलेले वेल्डिंग त्यावर धरल्यासारखे दिसते, परंतु जोडाच्या कडेचे बीड कडक व ठिसूळ होऊन पुढे तडा जातो. कंपनीने हाऊसिंगवर आटे पाडून जी छिद्रे दिलेली असतात, त्यांतच बोल्टने हूकचे ब्रॅकेट बसवावे. बोल्टच्या डोक्यावर 8.8 असा आकडा उमटलेला असावा. बिनआकड्याचे बोल्ट स्वस्त मिळतात, पण ते ताणले जाऊन सैल होतात, आणि सैल बोल्ट हाऊसिंगचे आटे खातो. तो खर्च मग ट्रॅक्टर उघडण्यापर्यंत जातो.

लिफ्टच्या आर्ममधील छिद्रांच्या बारविषयी आपण विचारले आहे. हा बार सोयीचा आहे, कारण तो दोन मिनिटांत निघतो आणि रोटाव्हेटर किंवा फवारणी यंत्र जोडायला जागा मोकळी होते. मिनी ट्रॅक्टरच्या आर्ममध्ये बहुधा 22 मिलिमीटरच्या पिनेची भोके असतात आणि बारही त्याच मापाचा मिळतो. तरीही नुसता बार अडकवून ट्रॉली ओढण्यात एक दोष आहे, जो अनुभवी चालकांच्याही लक्षात येत नाही. ट्रॅक्टरची हायड्रोलिक लिफ्ट फक्त वर उचलते. खाली दाबत नाही. आर्म खाली येतात ते त्यांच्यावरच्या वजनाने. म्हणजे दांडी खाली दाबत आहे तोपर्यंत बार जागेवर राहतो. पण दांडी वर उचलली जाऊ लागली, तर तिला रोखणारे काहीही नसते आणि बार दांडीसह वर जातो. अशा वेळी आपण जो हूक खाली आहे असे समजत होतो, तो नेमका चढाच्या मध्यावर एक्सलच्या वर पोहोचलेला असतो.

दांडी वर उचलली जाते ती ट्रॉलीत माल मागे भरल्यामुळे. दोनचाकी ट्रॉली हा एक तराजू आहे आणि तिचा एक्सल म्हणजे त्याचा काटा. एक्सलपासून कडीपर्यंत 220 सेंटिमीटर अंतर असेल आणि 1000 किलो मालाचा मध्य एक्सलच्या 20 सेंटिमीटर पुढे असेल, तर दांडीवर सुमारे 90 किलो वजन येते. हाच मध्य एक्सलच्या 15 सेंटिमीटर मागे गेला, तर दांडी जवळपास 70 किलोने वर उचलू पाहते. म्हणजे क्रेटची एक रांग पुढे ठेवली की मागे, एवढ्यावर हे ठरते. चढावर तर माल जागचा हलला नाही तरी त्याचा भार मागे सरकतो: एक्सलच्या 80 सेंटिमीटर वर मालाचा मध्य असेल, तर दहाला एक चढावर तो सुमारे 8 सेंटिमीटर मागे गेल्यासारखा होतो.

पाण्याच्या टाकीबाबत ही अडचण सर्वांत तीव्र असते, आणि आपला हेतू टाकी ओढण्याचा असल्याने हे ध्यानात ठेवावे. 2012-13 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाचवण्यासाठी मिळेल त्या वाहनावर टाक्या बांधून पाणी नेले जात होते. त्या वर्षी माझ्याकडे वाकलेल्या दांड्या आणि निखळलेल्या कड्या जितक्या आल्या, तितक्या पुढे कधीच आल्या नाहीत. त्यांतल्या बहुतेक टाकी अर्धी भरलेली असताना बिघडल्या होत्या. पूर्ण भरलेल्या टाकीत पाणी हलायला जागा नसते. अर्धी टाकी घेऊन चढाला लागलात किंवा क्लच झटक्यात सोडलात, की पाणी मागच्या भिंतीवर आदळते, दांडी वर उडते, आणि ब्रेक दाबला की तेच पाणी पुढे येऊन दांडी खाली आपटते. टाकीत मध्ये भोके असलेल्या दोन आडव्या भिंती असाव्यात, टाकी एक्सलच्या मधोमध न बसवता 10 ते 15 सेंटिमीटर पुढे सरकवून घट्ट बांधावी, आणि एका वेळी एकाच ओळीला पाणी देऊन टाकी शक्यतो पूर्ण रिकामी करावी.

तेव्हा आर्मचा बार वापरायचाच असेल, तर त्याची उंची पक्की करणारे दोन तिरपे आधारपट्टे लावणे अत्यावश्यक आहे. हे पट्टे बारच्या दोन टोकांपासून टॉप लिंकच्या ब्रॅकेटपर्यंत जातात आणि बारला वरही जाऊ देत नाहीत व खालीही. इथे टॉप लिंकच्या जागेचा उपयोग योग्य आहे, कारण ती ट्रॉली ओढत नाही, फक्त बारला धरून ठेवते. पट्टे लावल्यावर लिफ्टचा लिव्हर खालीच ठेवावा आणि चुकून कोणी उचलू नये म्हणून त्याला बांधावे. पट्टे असताना लिफ्ट उचलली तर पट्टा किंवा ब्रॅकेट तुटते. दोन्ही बाजूंच्या चेक चेन आवळून घ्याव्यात, नाहीतर बार डावी-उजवीकडे झुलतो आणि ट्रॉली रस्त्यावर नागमोडी चालते. दांडी मधल्याच छिद्रात जोडावी. हे सारे प्रत्येक वेळी करणे आपल्या गड्याकडून होणार नाही असे वाटत असेल, तर कंपनीचा पक्का हूक वापरणे चांगले. मी स्वतः ट्रॉलीसाठी त्यालाच पसंती देतो. पक्का हूक वापरताना मोकळे आर्म मात्र वर बांधून ठेवावेत, कारण ओळीच्या शेवटी वळताना दांडी त्यांना घासते.

वळण्याचा प्रश्न निघाला म्हणून सांगतो. मोसंबीच्या झाडांत साधारण 6 मीटर अंतर असले, तरी फांद्या पसरल्यावर मधली वाट त्याहून बरीच अरुंद उरते आणि धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाजवळ, ट्रॅक्टर जवळजवळ काटकोनात फिरवावा लागतो. त्या वेळी ट्रॉलीचा पुढचा कोपरा मागच्या टायरला लागू नये, यासाठी कडीपासून ट्रॉलीच्या पुढच्या फळीपर्यंतचे अंतर ट्रॅक्टरच्या बाहेरच्या रुंदीच्या निम्म्यापेक्षा वीतभर जास्त असावे. आपला ट्रॅक्टर 110 सेंटिमीटर रुंद असेल, तर हे अंतर निदान 75 सेंटिमीटर हवे. ट्रॉली कापून लहान करताना बहुधा दांडीही कापली जाते. आपल्याकडे तसे झाले आहे का, हे जरूर मोजून पाहावे.

गोळ्याच्या हूकबद्दल. अमेरिकेत अंगणातील गवत कापणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरना मागे एक भोकाची पट्टी असते, तिच्यात साधी पिन घालून किंवा गोळा बसवून हातगाडीएवढी ट्रॉली ओढतात. तिथली जमीन हिरवळीची, वजन थोडे आणि जागा सपाट असते. गोळ्याचा फायदा असा की त्यात खडखड होत नाही आणि झटका बसत नाही. पण त्याची वाटी नेमक्या मापाची लागते. 50 मिलिमीटरच्या वाटीत थोडा लहान गोळा घातला तरी वरून ती बसल्यासारखी दिसते आणि पहिल्या मोठ्या धक्क्याला निसटते. शिवाय धुरा ओलांडताना ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यात जो मोठा कोन होतो, तो वाटीला झेपत नाही आणि काळ्या मातीचा चिखल तिच्या कुलपात जाऊन सुकतो. आपल्या कामाला पिन आणि कडीच योग्य आहे.

पिनेविषयी मात्र अधिक काळजी घ्यावी. पिन दोन पट्ट्यांच्या मधे, वर व खाली अशी दोन्हीकडून धरलेली असावी. एकाच पट्टीत उभी असलेली पिन प्रत्येक झटक्याला थोडी वाकते. पिन ईएन-8 या मध्यम कार्बनच्या पोलादाच्या गोल बारची, वर रुंद डोके असलेली आणि खाली लिंच पिनेसाठी, म्हणजे ती निघू न देणाऱ्या कडीच्या छोट्या पिनेसाठी, भोक असलेली करून घ्यावी; 22 मिलिमीटर जाडी आपल्या ट्रॉलीला पुरेशी आहे, मात्र हूकचे भोक मोठे असेल तर त्या मापाची घ्यावी. भोक आणि पिन यांत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त सैलपणा ठेवू नये. अनेक ठिकाणी घरबांधणीतून उरलेल्या सळईचा तुकडा पिन म्हणून वापरलेला दिसतो. त्याला वर डोके नसते, खाली भोक नसते, आणि त्याच्या कंगोऱ्यांमुळे हूकचे भोक करवतीने घासल्यासारखे वाढत जाते. पिन झिजून दोन मिलिमीटरने बारीक झाली, की ती बदलावी. कडी चपट्या पट्टीची न करता गोल गजाची वळवून घ्यावी, म्हणजे ट्रॉलीचे एक चाक धुऱ्यावर चढल्यावर दांडीला पीळ बसत नाही.

पिनेखेरीज साखळ्याही हव्यातच. दांडीच्या दोन्ही बाजूंनी साखळ्या घेऊन त्या दांडीखाली फुलीसारख्या ओलांडून ट्रॅक्टरला अडकवाव्यात, म्हणजे पिन निघालीच तरी दांडी जमिनीत रुतून ट्रॉली उलटण्याऐवजी साखळ्यांवर पेलली जाते. साखळीचा ताण वळणाला पुरेल इतकाच ढिला ठेवावा.

पिन काढण्याच्या वेळचा एक प्रसंग सांगतो, कारण त्यावरून मी कायमचा धडा घेतला. व्यवसायाच्या पहिल्या काही वर्षांत घनसावंगीकडच्या एका बागेत भरलेल्या ट्रॉलीची पिन अडकली होती, ती काढायला मी दांडीवर वाकलो. पुढचे क्रेट आधीच उतरवलेले आणि मागचे तसेच होते. पिन सुटताच दांडी वर उसळली आणि माझ्या हनुवटीला लागली. दोन दात गेले आणि पंधरा दिवस जेवता आले नाही. दांडी जरा अलीकडे असती, तर गळ्याला लागली असती. तेव्हापासून चाकांना आधी दगड किंवा लाकडी ठोकळे लावणे, माल मागून पुढे उतरवणे, आणि दांडीवर कधीही न वाकता बाजूला उभे राहून पिन ओढणे, यात मी एकदाही कसूर केलेली नाही. आपली ट्रॉली उलटवणारी असेल, तर ओले शेणखत मागच्या फळीला चिकटून राहते तेव्हाही हेच घडते. पाटा वर असताना दांडीजवळ कोणाला उभे राहू देऊ नये.

शेवटचा प्रश्न वजनाचा. इंजिन किती ओढू शकते यावर ते ठरवू नये, ट्रॅक्टर किती थांबवू शकतो यावर ठरवावे. आपल्या ट्रॉलीला ब्रेक नाही, म्हणून उतारावर तिला थांबवणे केवळ 800 किलोच्या ट्रॅक्टरवर आहे. माझा दंडक असा आहे की बिनब्रेकची भरलेली ट्रॉली सपाट बागेत ट्रॅक्टरच्या वजनाच्या दीडपट, म्हणजे 1200 किलोपर्यंत, आणि उतार असलेल्या वाटेवर ट्रॅक्टरच्या वजनापेक्षा जास्त नसावी. ट्रॉलीचे स्वतःचे वजन 350 किलो असेल, तर सपाट बागेत 20 किलोचे 40 क्रेट ठीक आहेत. पाण्याची टाकी मात्र 800 लिटरच्या वर भरू नये, आणि ती अर्धवट भरण्यापेक्षा लहान टाकीच घ्यावी. अर्धा ब्रास वाळू सव्वादोन टनांच्या आसपास भरते, तेव्हा ती या ट्रॉलीत एका खेपेत नेण्याचा विचारच करू नये. आपली जमीन सपाट असली, तरी बीडमधील पाटोदा, आष्टीकडचे किंवा कन्नड, सिल्लोडकडचे डोंगरउताराचे शेतकरी हे वाचत असतील, तर त्यांनी उतरण्याआधी खालचा गिअर टाकावा, दोन्ही ब्रेकची पेडले एकत्र जोडावीत आणि उतारावर क्लच दाबू नये. पावसाळ्यात वाफसा नसताना भरलेली ट्रॉली बागेत घालणे टाळावे. ओल्या काळ्या जमिनीत ओढ दुपटीने वाढते आणि वर सांगितलेले सगळे आकडे बिघडतात.

दांडी खाली घेऊन झाल्यावर पहिली खेप निम्म्या मालाची करावी, दांडी हाताने उचलून तिच्यावर सुमारे 50 ते 100 किलो वजन येते की नाही हे पाहावे. एका माणसाला ती सहज उचलता येत असेल, तर माल पुढे घ्यावा, आणि दोघांनाही हलवता येत नसेल, तर थोडा मागे. पहिल्या दहा तासांच्या कामानंतर हूकच्या ब्रॅकेटचे सगळे बोल्ट पुन्हा आवळावेत.